घरपट्टीतून भाषा वाचते का?

वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात ग्विनेद नावाचा जिल्हा आहे. त्याच्या कौन्सिलची बैठक कार्नार्व्हनला भरते आणि सभागृहातलं बोलणं वेल्शमध्ये चालतं. ज्यांना वेल्श येत नाही ते कानाला हेडफोन लावतात आणि दुभाष्याचं इंग्रजी ऐकतात. ब्रिटनमध्ये, इंग्रजीच्या घरात, हेडफोन लावावा लागतो तो इंग्रजी बोलणाऱ्याला. एवढं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की पुढचा वाद कळायला सोपा जातो.

वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. इंग्लंडमधून इथे राहायला येणाऱ्यांनी वेल्श शिकावी का, हा पहिला. दुसरा जास्त किचकट आहे: कुठे किती घरं बांधायची, कुणाला परवानगी द्यायची हे ठरवताना कौन्सिलने भाषेचा विचार करावा का? पहिल्यावर चहाच्या टपरीवर भांडता येतं. दुसऱ्यासाठी नकाशे, तक्ते आणि वकील लागतात. गंमत अशी की पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने देता येत नाही, म्हणून सगळं भांडण दुसऱ्याच्या अंगावर येऊन पडलं आहे.

आधी थोडे आकडे. 1911 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे 9,77,366 लोक होते. 2021 मध्ये ते सुमारे 5 लाख 38 हजारांवर आले, म्हणजे लोकसंख्येच्या 17.8 टक्के. ग्विनेदमध्ये मात्र अजूनही 64.4 टक्के लोकांना वेल्श येते, आणि खुद्द कार्नार्व्हन गावात दहातल्या आठांहून अधिक जणांना. शेजारच्या अँगल्सी बेटावर हे प्रमाण 55.8 टक्के आहे. दक्षिणेकडच्या कार्मार्थनशरमध्ये दहा वर्षांत ते 43.9 वरून 39.9 वर घसरलं.

एवढी ओहोटी का लागली याची कारणं अनेक आहेत. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. कोळशाच्या खाणी सुरू झाल्या, रेल्वे आली, मोठ्या शहरांत नोकऱ्या निघाल्या. पण आजच्या वादाचं मूळ त्याहून साध्या गोष्टीत आहे. गावातली तरणी पोरं नोकरीसाठी कार्डिफ, लिव्हरपूल, मँचेस्टर गाठतात आणि त्यांच्या जागी इंग्लंडहून निवृत्त माणसं येतात. समुद्र समोर, डोंगर मागे, आणि घर तिकडच्यापेक्षा स्वस्त. त्यांच्या दृष्टीने ते आपल्याच देशात घर बदलत असतात. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. वेल्शमध्ये मात्र त्यांना जो शब्द लावतात तो परदेशातून येणाऱ्यालाही लागतो: ‘मेउन्व्हीदूर’, आत स्थलांतर करून आलेला.

आता बाहेरून आलेली माणसं आपापल्या घरात इंग्रजी बोलली तर कुणाचं काय बिघडतं? घरात बोलली तर काहीच नाही. खरी मेख दोन माणसं भेटतात तिथे आहे. एक छोटा हिशेब करू. गावात 70 टक्के लोकांना वेल्श येते असं धरा. रस्त्यात कुणीही दोघं भेटली तर दोघांनाही वेल्श येत असण्याची शक्यता 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 49 टक्के. गावातली बहुसंख्य माणसं वेल्शभाषक असूनही निम्म्याहून जास्त भेटी इंग्रजीत होणार. ग्विनेदचा 64.4 टक्क्यांचा आकडा घेतला तर दोघांची शक्यता 41 टक्क्यांवर येते. पाच जणांची कमिटी बसली, मग ती देवळाची असो वा क्रिकेट क्लबची, तर पाचही जणांना वेल्श येत असण्याची शक्यता जेमतेम 11 टक्के. खऱ्या आयुष्यात माणसं अशी चिठ्ठ्या टाकून भेटत नाहीत, आपापल्या गोतावळ्यात वावरतात, हे खरं. तरी हिशेबाची दिशा चुकत नाही. वेल्श येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला इंग्रजी येते, उलट बाजूने तसं नाही, त्यामुळे खोलीत एक माणूस वेल्श न येणारा शिरला की सौजन्यापोटी सगळी खोली भाषा बदलते.

आपल्याला हे सांगायला नको. पुण्यात दोन मराठी माणसं रिक्षावाल्याशी हिंदीत घासाघीस करतात, आणि उतरताना कळतं की तोही बारामतीचा.

म्हणून तिथे लोक म्हणतात की बाहेरून आलेल्याने वेल्श शिकणं हा त्याचा खासगी छंद नाही, त्यावर अख्ख्या खोलीची भाषा ठरते. विरोधी बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. पासष्टाव्या वर्षी नवी भाषा शिकणं सोपं नसतं. राहण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे. आणि ‘आमची भाषा बोला नाहीतर जा’ हे वाक्य कुणीही कुणाला म्हटलं तरी त्याचा वास एकच येतो.

हा वाद सगळ्यात जोरात भडकला तो 2001 च्या जानेवारीत. सेइमोन ग्लिन हे ग्विनेदचे कौन्सिलर, वेल्श राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कमरीचे, कौन्सिलच्या घरबांधणी समितीचे अध्यक्ष. रेडिओवर बोलताना त्यांनी इंग्लंडमधून येणाऱ्यांच्या ओघावर काही नियंत्रण हवं आणि येणाऱ्यांनी वेल्श शिकायला हवी अशी भूमिका मांडली. त्यावर गहजब झाला. लेबर पक्षाने आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी वर्णद्वेषाचा आरोप केला, ग्लिन यांच्या स्वतःच्या पक्षाची पळापळ झाली, त्यांना माफी मागावी लागली. ग्विनेदच्या गावांत मात्र अनेकांना वाटलं की आपण जेवणाच्या टेबलावर रोज बोलतो तेच हा माणूस माईकवर बोलला. त्याच वर्षी वेल्शभाषक गावांसाठी एक नवी चळवळ उभी राहिली. मला विचाराल तर ग्लिन यांचं निदान बरोबर होतं आणि औषध चुकलं. माणसाच्या जिभेवर कौन्सिलचा अधिकार चालत नाही, चालूही नये.

इथे मराठी वाचकाच्या मनात मुंबई आली असेल. येऊ द्या, पण जपून. मुंबईत ज्याला भाषेवरून हटकलं जातं तो बहुतेक वेळा टॅक्सीवाला, फेरीवाला, मजूर असतो. पोटासाठी आलेला, हातात फार काही नसलेला. ग्विनेदमध्ये येणारा माणूस इंग्लंडमधलं घर विकून येतो आणि इथल्या तरुण जोडप्यापेक्षा जास्त बोली लावतो. शिवाय त्याची भाषा जगातली सर्वात बलवान. एकीकडचे युक्तिवाद उचलून दुसरीकडे चिकटवले तर दोन्हीकडे घोटाळा होईल. कोकणात दोन गुंठे घेऊन बंगला बांधणारा आणि वर्षातून पंधरा दिवस येणारा मुंबई-पुण्याचा माणूस, ही तुलना जास्त जवळची. फक्त तिथे भाषा बदलत नाही, म्हणून आपल्याला ती खुपत नाही.

पाण्याचा जुना घावही आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून त्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधायचा कायदा 1957 मध्ये लंडनच्या संसदेत झाला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही. 1965 मध्ये कॅपल केलिन हे वेल्शभाषक गाव शाळेसकट, देवळासकट, दफनभूमीसकट पाण्याखाली गेलं. मुळशी माहीत असलेल्या माणसाला जास्त समजावायची गरज नाही. लिव्हरपूलने माफी मागितली ती 2005 मध्ये. नियोजनाची कागदपत्रं हाती पडली की वेल्श माणूस आधी संशयाने बघतो, ते यामुळे. 1979 च्या डिसेंबरपासून पुढची दहा-बारा वर्षं ‘ग्लिनदूरचे पुत्र’ (ग्लिनदूर म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेला मध्ययुगीन वेल्श सरदार) म्हणवणाऱ्या गुप्त गटाने इंग्रजांची सुट्टीतली घरं जाळली, दोनशेहून जास्त. भाषेच्या चळवळीतल्या बहुतेकांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी धरला तो मार्ग कंटाळवाणा होता: कौन्सिल, अर्ज, हरकती, सुनावण्या.

तर आता त्या कंटाळवाण्या भागाकडे वळू, कारण खरी लढाई तिथेच आहे.

वेल्समधल्या प्रत्येक नियोजन प्राधिकरणाला आपल्या भागाचा विकास आराखडा करावा लागतो. येत्या पंधरा वर्षांत किती घरं लागतील, ती कुठे बांधायची, शेती कुठे राखायची, हे त्यात असतं. ग्विनेद आणि अँगल्सीने मिळून केलेला आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला. त्यात 2011 ते 2026 या काळासाठी 7,902 घरांची तरतूद होती. भाषा चळवळीने कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. लोकसंख्येचा अंदाज बांधताना गेल्या काही वर्षांत बाहेरून किती माणसं आली ते बघायचं, पुढेही तेवढीच येतील असं धरायचं, आणि तेवढी घरं बांधायची. घरं बांधली की माणसं येणारच. मग पुढच्या आराखड्यात त्यांना मोजून आणखी घरं. हे म्हणजे पाहुणे किती येतील ते ठाऊक नसताना आधी पंगत वाढायची आणि मग पंगत भरली म्हणून भूक होती असं म्हणायचं.

कौन्सिलचं उत्तरही पोकळ नव्हतं: घरंच बांधली नाहीत तर किमती आणखी चढतील आणि गावातलीच पोरं आधी बाहेर फेकली जातील.

कायदा काय म्हणतो? 2015 च्या वेल्श नियोजन कायद्याने दोन गोष्टी केल्या. आराखडा तयार करताना त्याचा वेल्श भाषेच्या वापरावर काय परिणाम होईल हे तपासणं बंधनकारक केलं. आणि एखाद्या बांधकामाच्या अर्जावर निर्णय देताना, जिथे मुद्दा लागू असेल तिथे, भाषेचा विचार करता येतो हे स्पष्ट केलं. सरकारच्या मार्गदर्शक टिपणाचा रोख असा, की भाषेची तपासणी आराखड्याच्या वेळीच उरका, प्रत्येक अर्जाला नवा अहवाल मागू नका. आराखड्यात नसलेला मोठा प्रकल्प भाषेच्या दृष्टीने नाजूक भागात आला तरच मागा. आणि सर्वांत महत्त्वाचं, नियोजनात माणसामाणसांत भाषेवरून भेद करायचा नाही. घर कुणाला मिळणार हे ठरवताना ‘वेल्श येते का?’ असा प्रश्न विचारायची सोय नाही.

मग भाषा आत शिरते कुठून? खिडकीतून. घरांची संख्या, ती किती वर्षांत टप्प्याटप्प्याने बांधायची, किती परवडणारी ठेवायची, पाट्या कोणत्या भाषेत लावायच्या, रस्त्यांना नावं कोणती द्यायची. शिवाय ‘स्थानिक’ या शब्दातून. याच आराखड्यात अबरसोखसारख्या, सुट्टीतल्या घरांनी गजबजलेल्या काही गावांत नवी घरं फक्त स्थानिकांना विकायची अट आहे, आणि स्थानिक म्हणजे ढोबळमानाने त्या भागात सलग पाच वर्षं राहिलेला. आता बघा काय होतं. पाच वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमहून आलेला, वेल्शचं अक्षर न बोलणारा माणूस स्थानिक. वेल्शमध्येच वाढलेली कार्डिफची तरुणी मात्र परकी. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. भाषेच्या दृष्टीने ते चाळणीतून पाणी भरण्यासारखं आहे.

ल्हीन द्वीपकल्पातल्या बोतूनोग गावची गोष्ट तर आणखी पेचाची. (‘ल्ही’ म्हणताना कोल्हापुरातला ल्ह आठवा, बराचसा जवळ जाल.) तिथे 18 परवडणाऱ्या घरांचा प्रस्ताव आला. गावातल्या पोरांना घर हवं, हीच तर सगळ्यांची मागणी. तरी कौन्सिलच्या नियोजन समितीने तो भाषेवर विपरीत परिणाम होईल म्हणून फेटाळला. एवढ्याशा गावाला एकदम 18 घरं लागतात कशाला, मग भरायला बाहेरूनच लोक येतील, अशी भीती. समर्थक म्हणत होते की घर नसेल तर ज्यांच्या तोंडी भाषा आहे तीच माणसं जातील. दोन्ही बाजू वेल्श बोलणाऱ्या, दोन्ही भाषेसाठीच भांडत होत्या. ‘स्थानिक विरुद्ध उपरे’ अशी सरळ रेघ मारणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मोठ्या पातळीवर अँगल्सीच्या विल्व्हा अणुवीज प्रकल्पाचं उदाहरण आहे. बांधकामाच्या भरात तिथे 9,000 पर्यंत कामगार लागले असते. 2019 मध्ये तपासणी अधिकाऱ्यांनी प्रकल्पाला परवानगी देऊ नये अशी शिफारस केली, आणि कारणांमध्ये घरांवरचा ताण, स्थानिक अर्थव्यवस्था यांच्याबरोबर वेल्श भाषा आणि संस्कृतीही होती. कंपनीने काम आधीच थांबवलं होतं, त्यामुळे या शिफारशीची पूर्ण कसोटी लागली नाही. 2025 च्या नोव्हेंबरात त्याच जागेवर छोट्या अणुभट्ट्या उभारण्याचं ब्रिटिश सरकारने जाहीर केलं आहे, म्हणजे जुन्या फायली पुन्हा निघणार.

राहिला प्रश्न सुट्टीतल्या घरांचा. वेल्शमध्ये त्याला ‘टी हाव्ह’ म्हणतात, उन्हाळ्याचं घर. ग्विनेदमधल्या साधारण दहातल्या एका घरात कायम कुणी राहत नाही. ते दुसरं घर तरी असतं किंवा पर्यटकांना भाड्याने दिलेलं. अबरसोखची प्राथमिक शाळा विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरल्यावर 2021 च्या डिसेंबरात बंद झाली. त्याआधी 2020 मध्ये नेव्हिन गावातले लोक घरांच्या मागणीसाठी कार्नार्व्हनपर्यंत सुमारे वीस मैल चालत गेले होते. घोषणा होती: ‘वेल्स विकायला काढलेलं नाही’.

यावर पहिला उपाय घरपट्टीचा. 2017 च्या एप्रिलपासून वेल्श कौन्सिलांना दुसऱ्या घरावर दुप्पट घरपट्टी लावायची मुभा मिळाली, आणि 2023 च्या एप्रिलपासून चौपटीपर्यंत. ग्विनेदने 2023 मध्ये अडीचपट केली आणि त्यातला पैसा स्थानिकांच्या घरांच्या योजनेकडे वळवला. आता पळवाट बघा, कारण घरपट्टी तिथे पळवाट. घर ‘व्यवसाय’ म्हणून नोंदवलं की ही वाढीव पट्टी टळायची. म्हणून नियम केला की वर्षातले 182 दिवस घर खरोखर भाड्याने गेलं असेल तरच तो व्यवसाय. आधी 70 दिवस पुरायचे. झालं असं की आजीच्या घराचा आऊटहाऊस चार पैशांसाठी भाड्याने देणारं वेल्शभाषक शेतकरी कुटुंबही या चाळणीत अडकलं.

दुसरा उपाय नियोजनाचा. 2022 च्या ऑक्टोबरात वेल्श सरकारने घरांचे तीन वर्ग केले: राहतं घर, दुसरं घर, आणि थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचं घर. एका वर्गातून दुसऱ्यात जाताना परवानगी सक्तीची करायची की नाही हे कौन्सिलवर सोडलं. ग्विनेदने ती 1 सप्टेंबर 2024 पासून लागू केली, वेल्समधल्या कौन्सिलांत सर्वांत आधी. म्हणजे घर कुणीही घ्या, पण राहत्या घराचं सुट्टीतलं घर करायचं असेल तर विचारा. इथे भाषेचा उच्चारही नाही. तरी गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे की ही भाषेची गोष्ट आहे.

याला विरोध करायला उभे राहिले त्यांत ग्विनेदचेच रहिवासी होते. आमच्या घराची किंमत पडेल, गहाणखत मिळणं अवघड होईल, पोरांना वारसाने काय देणार, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2025 मध्ये निकाल कौन्सिलच्या विरोधात लागला. न्यायाधीशांचा आक्षेप तांत्रिक होता: निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवलेला अहवाल दिशाभूल करणारा होता. वापरात खरोखर लक्षणीय बदल झाला तरच परवानगी लागते. अहवाल वाचून मात्र ती सरसकट लागेल असा समज होत होता. भाषा वाचवायची की नाही यावर कोर्ट बोललंच नाही. बोलणारही नव्हतं.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र चाळीसेक वर्षं शांतपणे चालू आहे, आणि मला ती सगळ्या आराखड्यांपेक्षा मोलाची वाटते. 1984 पासून ग्विनेदमध्ये ‘उशिरा आलेल्यां’साठी भाषाकेंद्रं आहेत. बाहेरून आलेलं मूल आठ-नऊ वर्षांचं असलं की नेहमीच्या शाळेत बसवण्याआधी काही आठवडे त्याला या केंद्रात पाठवतात. लहान वर्ग, दिवसभर वेल्श, गाणी, खेळ, नाटुकली. मग मूल आपल्या शाळेत जातं, जिथे शिकवणं वेल्शमधून चालतं. कुणाला ‘शिकलंच पाहिजे’ म्हणून दटावलं जात नाही. शिकायची व्यवस्था दाराशी आणून ठेवली आहे. मोठ्यांसाठी नान्त ग्वर्थेर्न आहे, दगडखाण बंद पडल्यावर ओस पडलेलं समुद्रकाठचं गाव, जे विकत घेऊन तिथे निवासी भाषावर्ग सुरू केले. आणि 2021 मध्ये अफगाणिस्तानातून निसटून आलेली कुटुंबं उर्द या वेल्श युवासंघटनेच्या कार्डिफमधल्या केंद्रात उतरली, तेव्हा त्या मुलांच्या कानावर इंग्रजीबरोबर वेल्शही पडली. त्यांच्या बाबतीत कुणी वाद घातला नाही. ज्याची भाषा आपल्याला गिळणार नाही त्याला आपली भाषा शिकवायला माणूस उत्साहाने तयार असतो.

बँगरला ग्विनेदचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. ब्रिटिश आरोग्यसेवेत आपल्याकडचे डॉक्टर, नर्स किती आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. समजा नाशिकचं एक डॉक्टर जोडपं तिथे रुजू झालं आणि त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे. तीही त्या केंद्रात जाईल. आई-बाबांशी मराठी, टीव्हीवर इंग्रजी, शाळेच्या अंगणात वेल्श. पुढच्या जनगणनेत ‘वेल्श येते का?’ या रकान्यापुढे तिचे आई-बाबा तिच्यासाठी ‘हो’वर खूण करतील आणि स्वतःसाठी ‘नाही’वर. कौन्सिलच्या बैठकीला कधी गेलेच, तर हेडफोन लागतील ते या दोघांना.